पाचवा हेडफोन

१

शाळा पाच वाजता सुटते आणि वरकुट्याला जाणारी माझी एस.टी. पावणेसातला येते. मधला वेळ मी निमगाव केतकीत मुजफ्फरमामूंच्या दुकानात काढते. मामू म्हणजे माझ्या अम्मीचे थोरले भाऊ. लग्नात, सभेत, उरुसात साउंड लावायचा हा त्यांचा पंचवीस वर्षांचा धंदा. दुकानावर 'लैला साउंड सर्व्हिस' अशी पाटी आहे आणि स्पीकरच्या प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या रंगात 'लैला' असं छापलेलं आहे. लैला माझी मामी. मी वर्षाची असताना ती वारली. तिचा चेहरा मी फक्त फोटोत पाहिला आहे. आवाज मात्र मला पाठ आहे, कारण मामू दुकानातली प्रत्येक वस्तू तिच्या आवाजावर तपासतात.

साउंडवाल्यांची ही पद्धतच असते. नवा स्पीकर असो की दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर, तो नेहमी एकाच रेकॉर्डिंगवर ऐकायचा. ओळखीचा आवाज बदलला की दोष वस्तूत आहे हे लगेच कळतं. मामूंचं रेकॉर्डिंग अठ्ठेचाळीस सेकंदांचं आहे. सतरा वर्षांपूर्वी त्यांनी दोन माइकचा एक छोटा रेकॉर्डर घेतला, दुकानामागच्या खोलीत मधोमध ठेवला आणि मामीला त्याच्याभोवती चालायला सांगितलं. ती चालते आणि जिथं पोचेल तिथलं नाव घेते. "डावीकडं." तीन-चार पावलं. "पाठीमागं." पुन्हा पावलं. "उजवीकडं." मग "समोर." शेवटी ती विचारते, "झालं का?" आणि रेकॉर्डिंग संपतं.

तिचं दुसरं कुठलंही रेकॉर्डिंग नाही.

यंदा दिवाळीनंतर मामूंना नीट ऐकू येईनासं झालं. बारामतीच्या डॉक्टरांनी कानांचा आलेख काढला. त्यातली रेघ विहिरीच्या पायऱ्यांसारखी खाली खाली गेली होती. इतकी वर्षं स्पीकरच्या तोंडाशी उभं राहिल्याचा तो परिणाम. जे उरलं आहे तेही काही महिन्यांत जाईल, मोठा आवाज ऐकलात तर त्याआधीच जाईल, असं डॉक्टर म्हणाले. कानाचं मशीन मिळालं, पण त्यात माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतात असं मामूंचं म्हणणं. त्यांच्याशी बोलायचं तर आता लिहून दाखवावं लागतं. मला ते बरं पडतं. मी घरी कमी बोलते आणि वर्गात त्याहून कमी.

एके दिवशी मामू माझ्या शेजारी येऊन बसले आणि मोठ्यानं बोलू लागले. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानंच बोलतात.

"समू, हजार येळा ऐकली मी ती फाईल. बास ऐकला, ट्रेबल ऐकला, घरघर येतीय का ते ऐकलं. लैलाला न्हाय ऐकलं कधी. कान हायेत तवर एकदा तिला ऐकायचंय."

मी लिहिलं, 'मग ऐका की.'

"कशात ऐकू? स्पीकरवर लावायचं तर आवाज वाढवावा लागतो. रस्त्यानं दिवसभर उसाचं ट्रॅक्टर चाललंय. वाढवला की हाय ते बी गेलं. बंद पाठीचा हेडफोन पायजे. बाहेरचं आत येत न्हाय, मग हळू लावला तरी भागतं. पन कुठला? पाच तपासाय बसलो तर पाचव्यापतुर कानच राहायचा न्हाय."

असं ते काम माझ्याकडे आलं. हेडफोन मी ऐकायचे, कसे आहेत ते लिहायचं, एक निवडायचा. मामू तो एकदाच घालणार होते.

२

हेडफोन ऋषिराजदादांनी दिले. ते पूर्वी मामूंकडेच काम शिकले आणि आता बारामतीत त्यांचं स्वतःचं दुकान आहे. "आठ दिवस ठेवा, मग एक ठेवून घ्या, बाकीचे मी नेतो," असं त्यांनी मामूंना कागदावर लिहून दिलं आणि पाचही मागच्या खोलीतल्या टेबलावर मांडून गेले.

त्या खोलीला खिडकी नाही. मामूंनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, त्यामुळे तिथं टाळी वाजवली तरी ती हातातच राहते. खाली शहाबादी फरशी आहे. टेबल एका टोकाला, दार बरोबर समोरच्या टोकाला. मी टेबलाशी बसायची, चष्मा काढून ठेवायची, कारण चष्म्याच्या काड्या मध्ये आल्या की हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि बास गळून जातो. ओढणीही मागे सारायची. हे सगळं मामूंनी शिकवलं.

पहिला राखाडी होता. दिसायला फार देखणा, पण रेक्झिनच्या गाद्या इतक्या तापल्या की दहा मिनिटांत कानांमागे घाम आला. मामीचा आवाज त्यात माठात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. दुसरा लहान आणि काळा, घडी होणारा. तो कानांवर न बसता कानांना चिमटा काढून बसला. माझी कानातली टोचली. पण त्यातला 'स' इतका स्वच्छ होता की 'समोर' म्हणताना मामीचे दात दिसल्यासारखे वाटले. तिसऱ्यात ढोल होता. बोलणाऱ्या बाईच्या आवाजात एवढा ढोल कुठून आणला ते कळेना.

दुकानाच्या पायरीवर शेळगावचे दत्तोबातात्या बसलेले असत. ते पूर्वी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे आणि आता येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करतात. मी तिसरा हेडफोन डोक्यावर तसाच ठेवून पाणी प्यायला बाहेर आले तर म्हणाले, "काय गं, कानाला वाट्या लावून हिंडतीयास. बारामतीला इमान चालवाय जानार व्हय?"

मी मान हलवली.

"व्हय म्हनतीस का न्हाय तेबी कळंना. मुजफ्फर, तुझी भाची तुझ्यापरास भैरी हाय."

मामूंना ऐकू आलं नाही, पण ते हसले. तात्यांचे ओठ हलले की थट्टाच असते हे त्यांना माहीत आहे.

चौथा हेडफोन मला खरंच आवडला. मखमलीच्या गाद्या, डोक्यावर मऊ पट्टी, अर्ध्या तासानं तो आहे हे विसरायला झालं. ट्रॅक्टर जवळजवळ नाहीसे झाले. मामीचा आवाज कोवळा आणि सरळ आला. मी लिहिलं, 'आवाज नीट ठेवलेल्या कपाटासारखा. सगळं जागच्या जागी.' फक्त 'समोर' हा शब्द समोर आला नाही. तो कपाळाच्या आत, दोन डोळ्यांच्या मध्ये वाजला.

मामूंना दाखवलं तर म्हणाले, "ते कुठल्याच हेडफोनात येत न्हाय. डावं-उजवं येतं, मागचं थोडं येतं. समोरचं मानूस मात्र डोस्क्यातच बोलतं. सतरा वर्सांत मी समोर ऐकलेलं न्हाय. जो समोर आनंल तो खरा हेडफोन."

३

पाचव्याला खोकं नव्हतं. ऋषिराजदादांनी तो एका पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दिला होता. लाकडी वाट्या, गडद, शिसवासारख्या, आणि चामड्याच्या खूप जुन्या, मऊ गाद्या. हातात घेतला तर पाचांत तो सर्वांत जड. डोक्यावर ठेवला तर सर्वांत हलका. असं कसं होतं ते मला अजून सांगता येत नाही. तो डोकं धरत नव्हता. अम्मी केस विंचरण्याआधी दोन्ही तळवे कानांवर ठेवते तसा तो टेकला होता.

आणि मग शांतता आली. ट्रॅक्टर गेले, तात्यांचं खोकणं गेलं, ट्यूबची गुणगुण गेली. एवढी मोठी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. तिच्यात माझी नाडी चालताना ऐकू येत होती. मी आवाज अगदी खाली ठेवून फाईल लावली.

मामीला थोडी सर्दी झाली आहे हे मला त्या दिवशी कळलं. बोलण्याआधी ती किंचित हसते. आणि तिच्या हातात काचेच्या बांगड्या आहेत. त्या वाजू नयेत म्हणून चालताना तिनं त्या दुसऱ्या हातानं धरून ठेवल्या आहेत, पण एक निसटून खाली सरकते आणि ती पुन्हा धरते. मामूंचं काम बिघडू नये म्हणून ती किती जपत होती. बाकी चार हेडफोनांत ती नावं घेणारी एक बाई होती. यात ती लैलामामी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"समोर," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. आवाज समोरून आला होता. कपाळातून नाही, समोरून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, दार आहे तिथून. कुणी चौकटीत उभं राहून सांगावं तसा. दार बंद होतं. तिथं कुणी नव्हतं. मला भीती वाटली नाही, कौतुकच वाटलं. कुणा माणसानं कुठल्या तरी टेबलावर वाकून लाकूड कोरलं, चामडं शिवलं आणि ही गोष्ट साधली.

मी लिहिलं, 'समोरचा आवाज समोर येतो. दारापासून.'

मामूंनी ते दोनदा वाचलं. "असं व्हत न्हाय," ते म्हणाले. "पन तू खोटं लिहीत न्हाईस." हेडफोन त्यांनी हातात घेतला, वाटीवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवला. "आज नको. पयल्या दिवसाचा कान पावना असतो, समोर ठेवंल ते त्याला ग्वाड लागतं. अजून दोन दिवस ऐक. मंग मी ऐकतो."

तेवढ्यात एस.टी.ची वेळ झाली. त्या दिवशी पाचवा हेडफोन मी एकदाच ऐकला.

४

दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. दुकानासमोर कांद्याची आणि मिरचीची पोती उतरत होती, हाका चालल्या होत्या. आतल्या खोलीत पाचवा हेडफोन घातला आणि सगळा बाजार उठून गेला.

"डावीकडं." पावलं. "पाठीमागं." पावलं.

यावेळी माझं लक्ष पावलांकडे गेलं. मामी अनवाणी चालते. प्रत्येक पाऊल उचलताना एक बारीक 'चट' असा आवाज होत होता, घामेजला तळवा गार दगडावरून सुटताना होतो तसा. किती बारीक गोष्ट, आणि किती स्वच्छ. मी ती लिहून ठेवली.

"समोर."

आवाज दारातून आला नाही. दाराच्या अलीकडून आला. मी फरश्या मोजल्या. टेबलापासून दारापर्यंत आठ फरश्या आहेत. आवाज साधारण सहावीवर होता.

काल मी चुकले असेन, असं मी स्वतःला सांगितलं. काल डोळे मिटलेले होते.

बाहेर आले तेव्हा मामू गिऱ्हाइकाला वायर मोजून देत होते. पायरीवर तात्या पेरू खात बसले होते. माझी वही ते नेहमी वाचायला मागतात, कारण त्यांच्या मते मी तोंडानं जे बोलत नाही ते सगळं तिच्यात असतं. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं.

"फरशीवर तळव्याचा आवाज येतो," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि थांबले. "कुठली फरशी गं?"

"आतली," मी म्हणाले.

"तवा कुठं व्हती फरशी. शेनानं सारवलेली भुई व्हती. लैला दर आठवड्याला सारवायची, मी बघितलंय की. फरशी तिच्या चाळिसाव्यानंतर घातली मुजफ्फरनं. सारवायला कोन न्हाय म्हनून." त्यांनी पेरूच्या बिया थुंकल्या. "तुझ्या हेडफोनला फरशीचं काय स्वप्न पडलं का काय."

मी आत जाऊन चौथा हेडफोन घातला आणि तीच फाईल लावली. पावलं होती. बोदी, मऊ, धप धप. सारवलेल्या जमिनीवर चालल्यासारखी.

५

मी नीट विचार करायचं ठरवलं. शास्त्राच्या तासाला सर सांगतात, एका वेळी एकच गोष्ट बदला.

तिसऱ्या दिवशी मी आधी पाचव्या हेडफोनावर मामूंच्याच मोबाइलमधलं कुणाचं तरी भाषण लावलं. चांगलं ऐकू आलं, पण भाषण करणारा कपाळातच बोलत राहिला. मग आमच्या शाळेतल्या गॅदरिंगचं नाटक लावलं. तीच गत. मग मी हेडफोन उलटा घातला, डावी वाटी उजव्या कानावर, आणि मामीची फाईल लावली. "डावीकडं" उजवीकडून आलं, "उजवीकडं" डावीकडून. इथवर बरोबर होतं. "समोर" मात्र समोरूनच आलं.

चौथ्या फरशीवरून.

तिथं मामूंचं एक लोखंडी स्टूल असतं. आवाज स्टुलाच्या जरा वरून आला, उभ्या बाईच्या तोंडाच्या उंचीवरून.

गाद्या माझ्या कानांना सरावल्या असतील, म्हणून त्या जास्त घट्ट बसत असतील, म्हणून आवाज जवळ वाटत असेल. हे मी लिहिलं आणि ते मला पटलंही. पटलं होतं म्हणूनच मी हेडफोन सरळ घालून फाईल आणखी एकदा लावली. ती माझी चूक.

"डावीकडं" माझ्या इतक्या जवळ होतं की मी डावा खांदा आत ओढला. "पाठीमागं" म्हणताना माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि माझ्या खुर्चीमागे तर भिंत आहे, एक वीतही जागा नाही. "समोर" हे दुसऱ्या फरशीवरून आलं. शब्दाआधी ओठ सुटल्याचा आवाजही आला. टेबलावर माझी वही होती, वहीच्या पलीकडे टेबलाची कड होती, आणि कडेच्या पलीकडे ती होती असं म्हणायला हवं, पण डोळ्यांना तिथं रिकामी फरशी दिसत होती.

"झालं का?" तिनं विचारलं.

मी हेडफोन काढला. खोलीत ट्यूब गुणगुणत होती. आठ, सहा, चार, दोन. पाचव्या खेपेला ऐकणारे मामू असणार हे मला माहीत होतं.

घरी जाताना एस.टी.त मी चौथ्या हेडफोनबद्दल एक पान नव्यानं लिहिलं. तो खरोखर चांगला होता. त्यात मामी कपाळात राहते. मामूंनी तो घातला तर त्यांना ती स्वच्छ ऐकू येईल आणि ते तेवढ्यावर समाधान मानतील. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऋषिराजदादा येणार होते. मी शाळेतून आले आणि मामूंपुढे ते पान धरलं. 'चौथा घ्या,' असं खाली ठळक लिहिलं होतं.

मामूंनी वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पाचव्याचं पान कुठंय?"

मी वही छातीशी धरली. त्यांनी हात पुढं करून तसाच ठेवला. मामूंचा हात तसा पुढं असताना नाही म्हणणं मला जमत नाही. त्यांनी सगळं वाचलं, फरशी, तळवे, आठ, सहा, चार, दोन. वाचताना त्यांचं बोट ओळींखालून सरकत होतं, आणि एका जागी थांबलं.

"झालं का, असं विचारती ती शेवटी," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"मी तिला म्हनलो व्हतो, मी सांगस्तवर चालत ऱ्हा. मधी थांबायचं न्हाय. तेवढ्यात बाहेर लोडिंगचा टेम्पो आला. ती म्हनली, झालं का. मी बटन दाबलं आन् तसाच बाहेर गेलो. झालं म्हनून सांगायचं ऱ्हायलंच. सभा व्हती इंदापूरला, रात्री उशिरा घरी आलो." त्यांनी वही माझ्याकडे परत दिली. "किती येळ चालली आसंल कुनास ठाऊक. मी इचारलं बी न्हाय कधी."

मी लिहिलं, 'मला भीती वाटते.'

"कुनाची? तुझी मामी हाय ती," ते म्हणाले. पण लगेच उठले नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. मग त्यांनी कानातलं मशीन काढलं, खिशात ठेवलं आणि आत गेले.

मी त्यांच्या डोक्यावर पाचवा हेडफोन ठेवला. ते टेबलाशी बसले, मी टेबलाच्या बाजूला भिंतीवरच्या गादीला पाठ लावून उभी राहिले. मोबाइल माझ्या हातात होता. आवाज मी माझ्या बेतानंच ठेवला, अगदी खाली. डॉक्टरांच्या आलेखाप्रमाणे एवढा आवाज त्यांना ऐकूच यायला नको होता. वाढवायला सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी सांगितलं नाही.

पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते. मामूंनी डोळे मिटले. त्यांची मान हळूच डावीकडे वळली. मग जरा मागे. मग उजवीकडे. माझ्या कानांना फक्त ट्यूब ऐकू येत होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. एखादी अवघड वस्तू पहिल्यांदा नीट जुळली की कारागिराचा चेहरा होतो तसा काहीसा, पण त्याहून खूप जुना.

चाळीस सेकंद. त्यांनी डोळे उघडले. समोर पाहिलं आणि मग वर पाहिलं, बसलेला माणूस टेबलाशी येऊन उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाहतो तसं.

अठ्ठेचाळीस. फाईल संपली, आकडा परत शून्यावर आला. मामूंनी हेडफोन काढला नाही.

ते बोलू लागले. आणि ते हळू बोलत होते. गेले कित्येक महिने मामू सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते. आता त्यांचा आवाज इतका खाली होता की चार हातांवर उभी असून मला शब्द लागत नव्हते. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येणारा माणूसच एवढं हळू बोलू शकतो. ते थांबायचे, ऐकायचे, मान हलवायचे, पुन्हा बोलायचे.

मग हेडफोनची उजवी वाटी त्यांच्या कानापासून दूर झाली. दोन बोटांएवढी. कुणाच्या कानात काही सांगायचं असलं की आपण त्याची वाटी ओढून धरतो तशी. वरची पट्टी ताणली गेलेली मला दिसत होती. वाटी तशीच राहिली, हवेत, जराही न हलता.

मामूंचे दोन्ही हात टेबलावर होते. एकावर एक ठेवलेले.

"समू," ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जाताना दार लोटून घे."

दारापर्यंत आठ फरश्या. मी त्या भिंतीला चिकटून चालले.

७

ऋषिराजदादा आले, त्यांनी चार हेडफोन नेले. मामू कुठं आहेत असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. बंद दार पाहून ते म्हणाले, "ऐकत असतील. ऐकू दे." आणि गेले.

बऱ्याच वेळानं मामू बाहेर आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. अगदी समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला, ड्रायव्हरनं कर्णा वाजवला. मी दचकले. मामूंची पापणीही हलली नाही. नंतर बारामतीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी काढलेला आलेख सरळ तळाशी होता. पण हे त्यांना आधीच माहीत असावं. ते मजेत दिसत होते. सर्दी होऊन गेल्यावर माणूस दिसतो तसे.

"लैलानं इचारलं," ते म्हणाले. ऐकायला मला त्यांच्याकडे झुकावं लागलं. "टेबलापाशी बसून लिहिती ती पोरगी कुनाची म्हनून."

मी वही दप्तरात टाकली.

"म्हनलं, माझ्या भनीची, सबिनाची. तू गेलीस तवा पाळण्यात व्हती. म्हनली, गुनाची पोर हाय, मन लावून ऐकती. माझं एवढं कुनी ऐकलं न्हाय म्हनली." ते जरा हसले. "खरं हाय ते. पन म्हनली, तिचा आवाज कसा हाय ते कळंना, तोंडातनं शब्दच काढत न्हाय. तिला म्हनावं खोलीत यीऊन एकदा बोल. आता मी ऐकते."

एस.टी. आली म्हणून मी उठले.

या गोष्टीला महिना झाला. पाचवा हेडफोन आतल्या खिळ्याला टांगलेला आहे. मामू तो घालत नाहीत. त्यांना त्याची गरज नाही असं दिसतं. दुपारी ते खोलीत बसतात, संध्याकाळी माझ्यासाठी खोली रिकामी करतात. मी पूर्वीसारखीच तिथं बसून अभ्यास करते. बाहेर बसले तर त्यांना वाईट वाटेल. मी तिथं अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही. खोकला आला तरी बाहेर येते.

काल इतिहासाचा धडा मनात वाचताना नकळत माझे ओठ हलले. शब्द फुटला नाही, फक्त ओठ हलले. तेवढ्यात खोलीतला एक बारीक आवाज थांबला. तो माझाच श्वास आहे असं मी इतके दिवस समजत होते. माझा श्वास तर चालूच होता.